ताटातलं अन्न कुठून येतं? (ऋषिपंचमीपूर्वीचा अभ्यासपाठ)



हा पाठ नेहमीपेक्षा थोडा मोठा आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन दिवसांत वाचा. पण घरात एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, अशी विनंती आहे. आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांना मुद्दाम सोबत बसवा.

*पाठाचं कारण*

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री आपल्याच एका कुटुंबगटावर एक संदेश आला. साबुदाणा कारखान्यात कुजवतात, त्यात किडे पडतात, ते पायाने तुडवतात, म्हणून साबुदाणा मांसाहारी आहे, खाल तर उपवास मोडेल, असा तो संदेश. खाली लिहिलेलं होतं, दहा जणांना पाठवा. नातवाने तो वाचला, त्याला भीती वाटली, आणि त्याने काळजीपोटीच तो घरच्या गटावर टाकला.

घरातल्या आजींचं वय ऐंशीच्या पुढे. दिग्गीत पावसात मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. तो संदेश मात्र नेमका पोचला. आजींनी सकाळी साबुदाण्याची खिचडी बाजूला सारली. "एवढी वर्षं मी हेच खात आले गं," एवढंच म्हणाल्या. दिवसभर फक्त चहा घेतला. रक्तदाबाची गोळी तशीच उपाशीपोटी घेतली. संध्याकाळी आरतीला उठताना चक्कर येऊन पडल्या. गुरुकृपेने हाड मोडलं नाही. पण दोन दिवस अंथरुणात होत्या, आणि अंगाच्या दुखण्यापेक्षा मनाला जास्त लागलं होतं. आपले साठ वर्षांचे उपवास वाया गेले की काय, हाच विचार.

बघा मंडळी, एका न तपासलेल्या संदेशाने काय केलं. अन्न तेच होतं, आजी त्याच होत्या. मध्ये फक्त अज्ञान आलं.

गुरुमाउली आपल्याला नेहमी सांगतात की घास तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबावं. आपण थांबतो, हात जोडतो, पण विचार काय करतो? या पाठात त्या क्षणाला तीन प्रश्न जोडायचे आहेत.

१. हे कुठून आलं?
२. कुणाच्या हातून आलं?
३. काय केल्यावर ते खाण्याजोगं झालं?

*हे प्रश्न नवे नाहीत*

आता गणेश चतुर्थी येईल आणि दुसऱ्या दिवशी भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, ही रीत आपल्या घरांत आहे. नांगराने पिकवलेलं धान्य नको. परसातलं, हाताने लावलेलं, रानात आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, सुरण असं सगळं एकत्र करून ऋषीची भाजी होते. मसाला जवळजवळ नसतोच. काही घरांत तेलसुद्धा घालत नाहीत.

आता विचार करा. ही रीत पाळायची तर घरच्या बाईला ताटातल्या प्रत्येक जिनसेची माहिती हवी. हे नांगराचं की कुदळीचं? शेतातलं की परसातलं? वर्षातून एक दिवस का होईना, 'हे कुणाच्या कष्टाचं?' हा प्रश्न पूर्वजांनी धर्मातच घालून ठेवला. बैल मुका आहे, तो स्वतः बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने तो प्रश्न आपण विचारायचा.

आज पुष्कळ ठिकाणी नांगर बैलाचा राहिला नाही, ट्रॅक्टर आणि टिलर आले. म्हणून प्रश्न संपला असं नाही. अन्न लांबून येऊ लागलं तसा तो जास्तच गरजेचा झाला.

*आधी रोजचं ताट*

दिग्गीतलं साधं जेवण घेऊ. उकड्या तांदळाचा भात, आमसुलाची कढी, मीठ.

_उकडा तांदूळ._ भात (साळ) पाण्यात भिजवायचं, मग टरफल उकलेपर्यंत उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि नंतर कांडायचं किंवा गिरणीत न्यायचं. उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्याच्या आत उतरतात. म्हणून कोंडा निघून गेला तरी हा भात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा पौष्टिक राहतो. जुन्या बायकांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण या भाताने कामकरी माणसाच्या पोटाला आधार राहतो हे त्यांना ठाऊक होतं.

_आमसूल._ कोकम हे आपल्या सह्याद्रीचंच झाड. फळ उन्हाळ्यात पिकतं. साल वेगळी काढून तिला मीठ लावतात, त्याच फळाच्या रसात बुडवतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. काळं, मऊ आमसूल होईपर्यंत हे चालतं. पाऊस यायच्या आत हे काम उरकलं नाही तर माल बुरसतो.

_मीठ._ आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात गोकर्णाजवळ सानिकट्ट्याला मिठागरं आहेत. अघनाशिनीच्या खाडीचं खारं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते आटवतं, आणि खाली राहिलेलं मीठ माणसं फावड्याने ओढतात. उपवासाला आपण सैंधव वापरतो ते मात्र समुद्राचं नव्हे. ते डोंगराच्या पोटातून खणून काढतात. सिंधूच्या प्रदेशातलं म्हणून सैंधव. त्याची सगळ्यात प्रसिद्ध खाण खेवड्याला आहे, आणि ती आज पाकिस्तानात येते. उपवासाच्या चिमूटभर मिठाचाही एवढा प्रवास असतो.

*आता उपवासाचं ताट*

साबुदाण्याच्या खिचडीत काय काय असतं? साबुदाणा, शेंगदाणा, हिरवी मिरची, बटाटा, जिरं. यातलं शिवाजी महाराजांच्या आधी तीनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात काय होतं? फक्त जिरं!

भुईमूग, मिरची, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. समुद्रमार्ग सापडल्यावर त्या जगभर पसरल्या, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्या आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा वाटा होता. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच आला. उपवासाचं रताळंही त्याच खंडातलं.

हे ऐकून काही जण म्हणतील, मग आपला उपवास परकीयच झाला की! तसं नाही. ऋषिमुनींच्या काळच्या उपवासात कंद, मुळं, फळं होती. नवे कंद आले तेव्हा आपल्या आजी-पणजींनी त्यांची जात ओळखली आणि त्यांना कंदमुळांच्या पंगतीत बसवलं. त्यांनी विचार करून घेतलं. आपण मात्र विचार न करता टाकतो आणि विचार न करता घेतोही.

*साबुदाणा कसा होतो?*

हा भाग नीट ऐका. आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचा. त्या झाडाचं नाव सागू, त्यावरून आपला 'साबू'. आपल्याकडे मिळतो तो मात्र टॅपिओका या कंदाचा. मराठीत काही जण त्याला साबुकंद म्हणतात.

हा कंद केरळात रुजला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (राज्यकाळ १८८०–१८८५) यांनी गरिबांच्या पोटाला आधार म्हणून त्याची लागवड वाढवली. हा कंद विषारी आहे, अशी लोकांना भीती होती. ती अगदी खोटीही नव्हती, कारण कच्च्या कंदात विषारी द्रव्य तयार करणारे घटक असतात आणि नीट शिजवल्यावर, पाणी फेकल्यावर ते जातात. सांगतात की राजाने तो शिजवून घेऊन आधी स्वतः खाल्ला, मग लोकांची भीती गेली. बघा, भीती हुकमाने जात नाही. कुणीतरी नीट समजून घेऊन समोर दाखवावं लागतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायाकडून येणारा माल बंद झाला, आणि तामिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. आजही देशातला बहुतेक साबुदाणा त्याच भागातून येतो. तिथल्या कारखानदारांची 'सॅगोसर्व्ह' नावाची सहकारी संस्था १९८१ साली स्थापन झाली.

कृती अशी:

▪️ कंद शेतात आठ-दहा महिने वाढतो. काढल्यावर लवकर खराब होतो, म्हणून लगेच कारखान्यात नेतात.
▪️ साल काढून, धुऊन, पाणी घालून यंत्रात वाटतात.
▪️ चोथा गाळून बाजूला करतात. उरतं ते पांढरं दूध, म्हणजे पाण्यात मिसळलेला स्टार्च.
▪️ हे दूध टाक्यांत काही तास स्थिर ठेवतात. पीठ तळाला बसतं, वरचं पाणी सोडून देतात.
▪️ ओलसर पीठ फोडून, हलवून-घोळवून त्याचे गोल दाणे करतात आणि चाळणीने आकार वेगळे करतात.
▪️ दाणे तव्यावर भाजतात किंवा वाफवतात. भाजलेला तो खिचडीचा, वाफवलेला तो नायलॉन साबुदाणा.
▪️ शेवटी उन्हात वाळवतात.

साधारण चार-पाच किलो कंदापासून एक किलो साबुदाणा होतो.

यात प्राण्याचं काही नाही. दूध स्थिर ठेवतात ते पीठ खाली बसावं म्हणून. घरी आपण गव्हाचा चीक काढताना हेच करतो. गव्हाचा चीक मांसाहारी होतो का? मग हाही नाही. आजींचे साठ वर्षांचे उपवास शुद्धच आहेत.

पण पाठ एकतर्फी नको, म्हणून खरा दोषही सांगतो. दाणा पांढराशुभ्र दिसावा म्हणून काही ठिकाणी रसायनं वापरल्याचं अन्नसुरक्षा खात्याच्या तपासण्यांत आढळलं आहे. गिऱ्हाईक पांढरं मागतं म्हणून विकणारा पांढरं करतो. म्हणजे दोषात आपलाही वाटा आला. साबुदाणा घेताना अति चकचकीत पांढरा शोधू नका. सुटा घेण्यापेक्षा पाकीट घ्या आणि त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नावाला. खिचडीत शेंगदाण्याचं कूट भरपूर घालतात ते चवीसाठीच नव्हे, त्यानेच थोडी ताकद येते. मधुमेह असलेल्यांची साखर साबुदाण्याने पटकन वाढते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

*आणि आपल्या दिग्गीचा कंद?*

ज्या डोंगरात काळी नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते, त्या डोंगरात आपण राहतो. हा जोयडा तालुका कंदांसाठी ओळखला जातो. इथल्या कुणबी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कंद सांभाळले. काटेकणगी, कोन, करांदा, सुरण, अळूच्या कुळातली मुडली अशी कितीतरी नावं. जोयड्यात गेली काही वर्षं कंदमुळांचा मेळाही भरतो आणि शहरातली माणसं मुद्दाम घ्यायला येतात.

लागवड पावसाच्या तोंडावर होते. खड्डा करायचा, त्यात शेणखत, राख, सुका पाला भरायचा, राखून ठेवलेल्या बियाण्याचा तुकडा लावायचा आणि वेलाला आधार द्यायचा. पुढे पाऊस आणि माती आपलं काम करतात, माणूस रानडुकरांपासून राखण करतो. दिवाळीनंतर वेल सुकला की खणायचं. कोन खोल जातो, कधी कधी माणूस हातभर खड्ड्यात वाकून माती उपसतो. कणगीच्या भोवती काटेरी मुळांचं कुंपण असतं, जणू आईने बाळांना राखलंय. खणणाऱ्याचे हात ओरबाडतातच.

म्हणजे कसं बघा. आषाढीला कंद नुकताच मातीत गेलेला असतो, कार्तिकीच्या सुमारास तो वर यायला लागतो. देव झोपतात ते चार महिने आणि कंद वाढतो ते महिने जवळजवळ एकच! आपला चातुर्मास जमिनीच्या आतही चालू असतो.

*कंद शिजवताना*

▪️ कणगी, कोन: स्वच्छ धुऊन सालीसकट मीठ घालून उकडा, मग सोला. वर ओलं खोबरं. एवढंच पुरे.
▪️ सुरण, अळूचे कंद: घशाला खवखवतात, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चिरताना हाताला तेल लावा. शिजवताना आमसूल किंवा चिंच घाला आणि पूर्ण शिजू द्या.
▪️ करांदा: हा वेलावर लटकतो आणि कडू असतो. उकडून, पाणी टाकून मगच खातात.
▪️ *महत्त्वाचं:* रानातला ओळखीचा नसलेला कंद कधीही खाऊ नका. काही जाती विषारी असतात. जाणत्या माणसाने दाखवलेलाच घ्या. फोटो बघून तर मुळीच नको.

कंदातही मुख्यतः स्टार्चच असतो, पण सोबत चोथा आणि क्षार असतात. कंद चांगला म्हणून साबुदाणा वाईट, असं हा पाठ म्हणत नाही. सेलमचा शेतकरीही कष्ट करतो. पण शेजारचा कुणबी दादा खांद्यावरून कंद घेऊन दारात येतो तेव्हा आपण भाव पाडतो आणि दुकानात पाकिटाचा छापील भाव निमूट देतो. हे मात्र तपासायला हवं.

*आजींचं पुढे काय झालं?*

दिग्गी बैठकीत ही सगळी कृती वाचून दाखवली. आजींनी शांतपणे ऐकली. मग विचारलं, "म्हणजे तोही कंदच?" होय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं आम्ही पाहिलं. नातवाने आजींच्या पाया पडून क्षमा मागितली आणि त्याच गटावर लिहिलं, "मी पाठवलेला संदेश चुकीचा होता." हे लिहायला हिंमत लागते. संदेश पाठवताना एक बोट लागतं, मागे घेताना मन लागतं. पुढच्या एकादशीला आजींनी आधी चार घास खिचडी खाल्ली, मग गोळी घेतली.

*या महिन्याचे संकल्प*

१. अन्नाविषयीचा कोणताही संदेश पुढे पाठवण्याआधी निदान एका जाणत्या माणसाला विचारीन. उत्तर मिळालं नाही तर तो माझ्यापाशीच थांबवीन.
२. चुकीचा संदेश गेला असेल तर त्याच गटावर तसं लिहीन.
३. घरातल्या वृद्धांना, आजारी माणसांना, गरोदर स्त्रियांना कडक उपवासाचा आग्रह करणार नाही. औषध चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसं खायला देईन.
४. कार्तिकीच्या आसपास एकदा तरी दारी आलेल्याकडून किंवा बाजारात मांडून बसलेल्या बाईकडून कंद घेईन, आणि भाव पाडणार नाही.

*घरात बोलण्यासाठी प्रश्न*

▪️ आज रात्रीच्या ताटातली सगळ्यात लांबून आलेली जिन्नस कोणती? सगळ्यात जवळची कोणती?
▪️ आपल्या घरी ऋषिपंचमीच्या भाजीत काय काय घालतात? ते आजीला विचारून मुलांनी वहीत लिहावं.
▪️ आपण असा कोणता संदेश पाठवला होता, जो नंतर खोटा निघाला?

तुमच्या घरची उपवासाची रीत असेल ती असू द्या. फक्त घास उचलण्याआधी हात जोडाल, तेव्हा मातीत वाकलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा.

मुलांनी लिहिलेल्या ऋषीच्या भाजीच्या याद्या आपापल्या गटप्रमुखांकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यांतल्या काही देऊ.

🙏 जय गुरुदेव 🙏